टाचण्या, काचेचा ठोकळा आणि १.५०

काचेचा आयताकार ठोकळा, चार टाचण्या, कोरा कागद आणि ड्रॉइंग बोर्ड. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश काचेत किती पट मंदावतो तो आकडा, मोजायला एवढं पुरतं. उत्तर १.५० च्या आसपास यायला हवं. वहीत १.४३ आलं, की ‘प्रयोगातली त्रुटी’ म्हणून ते सोडून दिलं जातं. ही त्रुटी कुठून आली हे नेमकं शोधता येतं आणि ते शोधण्यातच या प्रयोगाची खरी मजा आहे.

मोजतोय काय, ते आधी. निर्वात जागेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, १.५ अपवर्तनांकाच्या काचेत २ लाख. तिरक्या येणाऱ्या तरंगाची एक कड काचेत आधी शिरते आणि मंदावते. दुसरी कड अजून हवेतच असते, पहिल्याच वेगाने पुढे जात असते. म्हणून तरंगाची आख्खी आघाडी वळते आणि किरण स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागाला काढलेल्या लंबाकडे, झुकतो. लंब दिशेने आलेला किरणही मंदावतो, पण वळत नाही. प्रकाश कणांचा बनलेला आहे असं मानणाऱ्या न्यूटनच्या कणसिद्धान्तानुसार पाण्यात प्रकाशाचा वेग वाढायला हवा होता. १८५० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने तो कमी होतो हे दाखवून दिलं.

आता कागदावर. ठोकळ्याच्या एका बाजूला दोन टाचण्या लावून येणारा किरण आखायचा. पलीकडून काचेतून बघत त्यांच्या रेषेत उरलेल्या दोन लावल्या की बाहेर पडणारा किरण मिळतो, आणि ठोकळ्याच्या कडांवरचे दोन बिंदू जोडले की काचेतला. स्तंभिकेशी येणाऱ्या किरणाचा कोन तो आपतन कोन, काचेतल्या किरणाचा तो अपवर्तन कोन; पहिल्याच्या साइनला दुसऱ्याच्या साइनने भागलं की अपवर्तनांक. ठोकळ्याची बाह्यरेषा काढताना टोकदार पेन्सिल काचेला अगदी चिकटवून फिरवा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. समजा ठोकळा ६ सेंटीमीटर रुंद आहे आणि पेन्सिल कलती धरल्यामुळे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर जास्त आला. ६० अंशांच्या आपतन कोनाला तेवढ्यानेच १.५० चं १.४८ होतं. कारण हवेतल्या जास्त तिरक्या किरणाचा तुकडा आपण काचेतला म्हणून धरतो; अपवर्तन कोन वाढतो आणि भागाकार घटतो.

आपतन बिंदू, म्हणजे किरण काचेत शिरतो ती जागा, लांब बाजूवर घ्या, पण किरण ज्या दिशेला सरकणार तिकडे पुरेशी काच शिल्लक ठेवा. ६० अंशांना काचेतला किरण समोरच्या कडेपर्यंत पोहोचताना सुमारे ४.२ सेंटीमीटर बाजूला सरकतो. जागा कमी पडली तर तो आखूड बाजूवर आदळतो. तिथे त्याचा कोन ५५ अंशांच्या आसपास, तर काचेचा क्रांतिक कोन, ज्याच्या पुढे प्रकाश काचेबाहेर पडूच शकत नाही, ४२ अंशांच्या थोडा आत. म्हणजे पूर्ण आंतरिक परावर्तन होणारच. मग टाचण्या भलत्याच दिशेला दिसतात आणि बाहेर पडणारा किरण आलेल्या किरणाला समांतर राहत नाही.

दोन टाचण्यांत किमान ५-६ सेंटीमीटर अंतर हवं. टोक अर्धा मिलिमीटर चुकलं तर २ सेंटीमीटर अंतरावर दिशा जवळजवळ दीड अंशाने बिघडते, ६ सेंटीमीटरवर जेमतेम अर्ध्या अंशाने. काचेतून बघताना टाचण्यांची डोकी जुळवू नका, बूड जुळवा. टाचणी थोडी कलली तरी कागदातलं भोक जागेवरच असतं.

कोन कोणता घ्यावा? ३० अंश सोपा वाटतो, पण टाळलेला बरा. तिथे अपवर्तन कोन १९.५ अंश येतो आणि तो मोजताना एक अंश जास्त धरला गेला तर उत्तर १.४३ पर्यंत घसरतं. ६० अंशांना तीच चूक १.४६ वर थांबते. त्याहून बरेच पुढे गेलात तर पृष्ठभागावरून परावर्तन वाढतं आणि टाचण्या अंधूक दिसतात.

कोनमापक तर बाजूलाच ठेवा. आपतन बिंदू केंद्र धरून ७ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. येणारा आणि काचेतला किरण वर्तुळाला जिथे छेदतात तिथून स्तंभिकेवर लंब टाका आणि त्यांच्या लांबींचा भागाकार करा. ६० अंशांना त्या ६.०६ आणि ४.०४ सेंटीमीटर यायला हव्यात. साइनचा तक्ताही लागत नाही. कोन स्तंभिकेऐवजी काचेच्या कडेपासून मोजण्याची नेहमीची चूकही यात होत नाही.

शेवटी आपाती (येणारा) किरण पलीकडे वाढवून निर्गत (बाहेर पडणाऱ्या) किरणापासूनचं लंब अंतर मोजा. ६ सेंटीमीटर रुंदी आणि ६० अंशांना ते सुमारे ३.१ सेंटीमीटर भरतं. दोन रेषा समांतरच नसतील तर भागाकार करत बसू नका, टाचण्या पुन्हा लावा.