पंपाचा आवाज

२ मे, देवबाग. रात्री साडेदहा

सकाळचा चहा अजून डोक्यातून जात नाहीये. दिवसभर गेला नाही, म्हणून लिहायला बसले.

काकी, जिच्या घरी मी खोली घेऊन उतरते ती, पडवीत कप ठेवून वळली. मी एक घोट घेतला आणि म्हणाले, "काकी, साखरेच्या जागी मीठ पडलं की काय?" हसतच म्हणाले. काकीने कपाकडे बघितलं. "ऱ्हवांदे ती, ताई. दुसरी करून देतंय." दुसरा कप आला, जारच्या पाण्याचा, चांगला होता. एवढंच.

पण "ताई" म्हणाली. एरवी "गो" म्हणते.

मीठ कुठून आलं हे मला कळत नसतं तर बरं झालं असतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे ही वाळूची चिंचोळी पट्टी. इथलं गोडं पाणी म्हणजे जून ते सप्टेंबर वाळूत मुरलेला पाऊस. तो खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, कारण खारं पाणी जरासं जड, लिटरमागे पंचवीस ग्रॅमने. एवढ्याशा फरकाचा हिशोब मोठा विचित्र आहे. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक वीत असेल, तर खाली चाळीस विती असतं. घायबेन-हर्झबर्गचा नियम म्हणतात त्याला. उलटंही तितकंच खरं: उपसून उपसून विहिरीची पातळी एक वीत खाली ठेवलीत, तर खालचं खारं पाणी सावकाश चाळीस विती वर चढू बघतं, आणि नेमकं विहिरीच्या तळाखालीच सुळक्यासारखं चढतं. म्हणून इथे बोअर मारायची नसते, ती थेट खाऱ्यात जाते. रिंगा टाकलेली, पंधरा फुटांची उथळ बावच, म्हणजे विहीरच, बरी. तीही थोडी थोडी उपसायची. वीस मिनिटं पंप, मग दीड-दोन तास विश्रांती. एकदा बाव खारी झाली की पुढच्या पावसापर्यंत काही खरं नाही.

आणि खारी व्हायला फार लागत नाही. शंभर तांब्यांत दोन तांबे समुद्र मिसळला, की क्लोराइड लिटरला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर जातं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकाची मर्यादा अडीचशे. दुसरी सोयच नसेल तर हजारापर्यंत चालवून घ्या म्हणतात, पण चहा चालवून घेत नाही.

काल संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर मी शॉवरखाली किती वेळ उभी होते? वीस मिनिटं तरी. शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर सोडतो. म्हणजे पावणेदोनशे लिटर पाणी, केसांतली वाळू काढायला. खरं तर वाळू पाण्याने काढायचीच नसते. अंग वाळू द्यायचं, पंच्याने झटकायचं, उरलेली अंगणातल्या नळाखाली पायांवरून घालवायची, मग दोन बादल्यांत अंघोळ होते. मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी साबण लावतो, आणखी पाणी ओततो. शाम्पूला तेवढा त्रास होत नाही. हे सगळं पाठ आहे मला. पहिल्यांदा येणाऱ्यांना मीच सांगते. कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा नाहीतर खारं वारं ते धरून ठेवेल, चार्जर खिडकीत ठेवू नका, ओले कपडे रात्री बाहेर ठेवलेत तर सकाळी जास्त ओले मिळतील. शहाणपणा.

पंपाचं बटण स्वयंपाकघरात आहे, चुलीच्या मागच्या भिंतीला. वरची हजार लिटरची काळी टाकी रिकामी झाली की काकी ते दाबते. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, टाकी भरायला पाऊण तास घेतो. म्हणजे काल संध्याकाळी बांगडे तळता तळता तिने ऐकलं असणार. वर पाणी किती वेळ पडतंय तेही ऐकलं असणार, न्हाणीघराचा पाइप त्याच भिंतीतून उतरतो. आणि सकाळी मी मिठाचा विनोद केला.

ओरडली असती तरी चाललं असतं. सुनेला ओरडते ती, भांडी घासताना नळ चालू राहिला की. माशे घेऊन येणारीलाही सोडत नाही. मला मात्र दुसरा कप.

आठ वर्षं येतेय. वडे थापायला बसले आहे, आंब्याच्या पेट्यांत गवत भरलं आहे, त्यांच्या देवळातल्या जत्रेला वर्गणी दिली आहे. आणि आठ वर्षांनी ताई. खरं सांगायचं तर दुपारी जेवणावर बसले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, तेही खारटच. (यंदा एकच खोली घेतली, त्याचाही थोडा भाग असेल. त्याबद्दल आज नाही.)

संध्याकाळी मालवणात गेले, धक्क्यावर बसून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बघत राहिले. चारी बाजूंनी समुद्र आणि आत तीन गोड्या विहिरी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला, आणि त्यातल्या विहिरींना ही नावं. पाण्याला साखर म्हणायला जिभेवर आधी मीठ आलेलं असावं लागतं. मी बिसलरी घेतली, वीस रुपयांची.

येताना रिक्षात मात्र हसू आलं. खोलीचे पंधराशे, जेवणाचे वेगळे. त्यात गादी येते, पंखा येतो, माडांची सावली आणि सोलकढी हवी तितकी येते. शिव्या त्यात कुठून येणार? शिव्या पाहुण्याला नाही देत कोणी, त्याला गोडं पाणी देतात, जार विकत आणून. तो वीस लिटरचा जार घरच्यांसाठी नाही, हे मला आज कळलं. घरची माणसं खारट चहाच पितात. सकाळी काकीचा कप तिच्या हातात होता की. तिला काही वेगळं लागलंच नसेल. किंवा लागलं असेल.

आज दोन बादल्या. दुसरीतली पाव उरली, ती जास्वंदीला घातली. काकी खळ्यात होती, बघितलं तिने. काही म्हणाली नाही. मीही मुद्दाम दाखवल्यासारखं घातलं, ते तिला कळलं असणारच.

अष्टमी आहे आज. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते; आठाची सहा, म्हणजे भरती सहाच्या आसपास येऊन गेली. भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं पाणी, जोर नाही त्याला. इतकं शांत आहे, की पलीकडच्या खोलीत दुपारी उतरलेल्या मंडळींचा शॉवर इथपर्यंत ऐकू येतोय. पाच जण आहेत, दोन लहान. सगळे वाळूने माखून आले होते.

खाली पंप लागला.

जाऊन सांगावं का त्यांना, बादलीचं? कोण ही बाई म्हणतील. काकीला आवडेल की नाही तेही सांगता येत नाही. गिऱ्हाईक तिचं आहे.

सव्वीस मिनिटं झाली. अजून चालूच आहे.