तुम्ही विचारलंत म्हणून: सुलोचनाबाईंचा पदर

प्रश्न साधारण असा असतो. "ताई, राग मानू नका, पण सुलोचना चव्हाणांची लावणी कशी चारचौघांत बसून ऐकता यायची. अंगभर पदर, नाच नाही, हातवारे नाहीत. आताच्या लावणीचं असं का झालं? तुम्ही त्यातल्या, म्हणून विचारलं."

2022 च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा हा प्रश्न वाढला. त्याच डिसेंबरात बाई गेल्या, तेव्हा आणखी वाढला. आणि आता 'सोळावं वरीस धोक्याचं'वर विशीतल्या पोरी रील करतात, त्यामुळे स्टाफरूममध्येसुद्धा सुटका नाही. 'त्यातली' मी नाही. मी सातवीला गणित शिकवते. माझी आई चौफुल्याला संगीत बारीत, म्हणजे फर्माईशीवर लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या पार्टीत होती. पण विचारणाऱ्याला तेवढा फरक पुरत नाही, तर एकदाचं लिहूनच टाकते.

आधी ते 'सोज्वळ' प्रकरण मिटवू. 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला' ऐकताना तो ऊस कुठल्या कारखान्याला जायचाय, हे न कळणारा माणूस मला अजून भेटायचाय. 'पाडाला पिकलाय आंबा' ही काय कृषी खात्याची जाहिरात आहे? गदिमा, खेबुडकर अशांनी जे लिहायचं ते लिहिलं, वसंत पवारांसारख्यांनी त्याला चाल दिली, आणि बाईंनी त्यातला एकही चावटपणा वाया जाऊ दिला नाही. उलट शरीर बाजूला ठेवल्यामुळे सगळं काम गळ्यावर आलं. डोळा मारायचा तोही आवाजानं, मान वेळावायची तीही आवाजानं. 'लवंगी मिरची' म्हणताना त्या शब्द असा दाताखाली धरतात की ठसका ऐकणाऱ्याला लागावा. हे सोज्वळ नाही हो, ही कारागिरी आहे. सोज्वळ होती ती साडी, आणि तुम्ही आजवर साडीलाच दाद देत आलात.

एवढं बोलल्यावर समोरचा म्हणतो, "म्हणजे तुमचा त्यांच्यावर राग आहे."

होता. कॉलेजच्या अंकात मी एक तिखट लेख लिहिला होता. आमच्या बायकांनी अंगावर वळ उठेस्तोवर शिकलेली लावणी गिरगावातल्या फणसवाडीत जन्मलेल्या, आधी सुलोचना कदम नावानं हिंदी चित्रपटांत गाणाऱ्या बाईंनी उचलली आणि आचार्य अत्र्यांकडून 'लावणीसम्राज्ञी' ही पदवी मिळवली, असा एकूण सूर. लावणीचे शब्द कसे फेकायचे हे त्यांना पती श्यामराव चव्हाणांनी शिकवलं, हे कुठेतरी वाचून तर माझा फारच जळफळाट झाला होता. आईला तिच्या मावशीनं शिकवलं, ताल चुकला की छडी. आणि ह्यांना नवऱ्यानं, घरात!

त्या वीस वर्षांच्या पोरीला आज विचारावंसं वाटतं, चोरलं म्हणजे नेमकं काय गं? 'रंगल्या रात्री अशा' 1962 चा, 'सवाल माझा ऐका' 1964 चा, 'मल्हारी मार्तंड' 1965 चा. ती गाणी त्या चित्रपटांसाठी नव्यानं लिहिलेली. 'कळीदार कपूरी पान' तर चित्रपटातलंही नाही, राजा बढ्यांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल. यातलं आमच्या पेटाऱ्यातलं काहीच नव्हतं. झालं ते उलटंच. ही गाणी आमच्याकडे आली. बारीत फर्माईश करणारा दौलतजादा करतो, म्हणजे गाण्यावर पैसे देतो, आणि नोट देणाऱ्याला रेडिओवर ऐकलेलंच हवं असतं. आईला होनाजी बाळाच्या, पठ्ठे बापूरावांच्या लावण्या येत होत्या. बसून, अर्धा तास एकाच ओळीवर अदा करायच्या बैठकीच्या लावण्या येत होत्या. त्या मागणारं गिऱ्हाईक वर्षागणिक कमी झालं. 'लवंगी मिरची' मागणारं रोजचं. मग रोज काय गायचं?

तेव्हा बाईंनी आमचं काही घेतलं नाही. पण त्यांच्या त्या देखण्या आवाजापायी आईची अर्धी विद्या पेटाऱ्यात राहिली, हेही खरं. कॉलेजातली ती पोरगी यावर म्हणेल, "मग मी वेगळं काय म्हणत होते?" तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाही.

आता तो कार्यक्रम. यावर मी कुठे बोलत नाही, पण तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कुणाला कळायचं नाही.

बाई गेल्यानंतर काही आठवड्यांनी एका तालुक्याच्या गावी श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरला. संयोजकांचा मला फोन. "आईंचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. एखादं गाणंही म्हणू द्या त्यांना. फक्त…"

"फक्त काय?"

"सुलोचनाबाईंसारखं म्हणावं. म्हणजे बसून, पदर वगैरे घेऊन. महिलावर्ग असतो, तुम्हाला कळतंय ना."

मला कळत होतं. आईला मी एवढंच सांगितलं की बसून गायचंय. ती म्हणाली, "मग काय, बैठकच की." हिरवं नऊवारी काढलं, तीनदा घडी मोडली. चौफुल्याच्या जुन्या ढोलकीवाल्यांना निरोप धाडला, तर संयोजकांकडून उत्तर आलं की ढोलकीची गरज नाही, आमच्याकडे ट्रॅक आहे.

तो ट्रॅक बाईंच्या तरुणपणीच्या पट्टीत. आई सत्तरीची. 'कळीदार कपूरी पान' सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फाटला. माझ्या पोटात गोळा आला. पण बारीत आयुष्य काढलेल्या बाईला गाणं अर्धवट टाकणं माहीत नसतं. तिनं ट्रॅक सोडून दिला. तो वर त्याच्या पट्टीत चाललेला, ही खाली आपल्या पट्टीत, आणि तालात मात्र कुठे सांधा निखळला नाही.

मग तिचा हात उठला. बसल्या जागी. डाव्या तळव्यावर नसलेलं पान ठेवलं, उजव्या हातानं शिरा काढल्या. बोटाच्या टोकानं चुना लावला, जरा जास्त झाला तसा अंगठ्यानं पुसला. कात. सुपारी आडकित्त्यात धरली, ती कातरताना भुवई नेमकी समेवर वर गेली. विडा वळला, लवंग टोचली, आणि दोन बोटांत धरून पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांपुढे केला. पाहुण्यांचा हात खरंच निम्मा पुढे आला होता, मी बघितलाय. एवढ्यात मागून शिट्टी आली. एकच, लांब, कसलेली.

निवेदक शाल घेऊन लगबगीनं पुढे आले. "वेळेअभावी आपण इथेच…" ट्रॅक बंद झाला, टाळ्या वाजल्या, आईच्या खांद्यांवर शाल पडली. तिची बोटं अजून विड्याच्या आकारात होती. संयोजकांनी माझ्याकडे 'बघितलंत?' अशा नजरेनं पाहिलं. आणि मी, जी तुम्हाला वर कारागिरीबद्दल एवढं ऐकवतेय, ती मागे वळून बघत होते की आमच्या शाळेचं कुणी आलंय का.

परतताना गाडीत मी धुमसत होते. आई गप्प. पाटसच्या अलीकडे म्हणाली, "ट्रॅक वरच्या पट्टीत व्हता. आधी सांगाया नको का?"

"आई, ते पदराचं…"

"घेतला व्हता की! मुजऱ्याला पदर घ्यावाच लागतो. त्यांना दिसला न्हाय?"

थोड्या वेळानं स्वतःशीच हसली. "शिट्टी मातर लई वर्सांनी आली बघ."

मी अपमान मोजत होते आणि ती दाद मोजत होती. तिच्याच हिशेबानं जायचं तर मला भांडायचा हक्कच राहत नाही, आणि माझ्या हिशेबानं जायचं तर ती बिचारी ठरते, जी ती मुळीच नाही. माझा हा गुंता सुटलेला नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर असं काही नाही, माझाच एक उलटा प्रश्न आहे. पायघोळ नऊवारी, कमरेला पट्टा, मुजऱ्याला डोक्यावरून पदर, हे सगळं लावणीतल्या थोर कलावंत यमुनाबाई वाईकरांच्या पिढीपासून तुमच्यासमोर होतं. सुलोचनाबाईंचा पदर तुम्हाला रेडिओवरसुद्धा दिसला. आमचा समोर बसून का दिसत नाही? स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हाही कुणी पदर मोजले नव्हते. त्या बाया कुणाच्या घरच्या, एवढंच बघितलं होतं. यात सुलोचनाबाईंचा काय दोष? त्यांना आईच्या शेजारी बसवलं असतं तर दोघींनी पट्टीवरून वाद घातला असता आणि तो ऐकण्यासारखा झाला असता.

सध्या सुट्टीच्या दिवशी मी आईच्या जुन्या लावण्या फोनवर रेकॉर्ड करते. ती एक कडवं म्हणते, दुसऱ्याला अडते, आणि अडली की सरळ 'कळीदार कपूरी पान'वर घसरते, कारण ते तिला अख्खं पाठ आहे. मी म्हणते, हे नको, हे सगळ्यांकडे आहे. ती म्हणते, माझ्या आवाजातलं कुणाकडं हाय? मी रेकॉर्डिंग थांबवते, ती चिडते, आणि मग चहा होईपर्यंत आम्ही एकमेकींशी बोलत नाही.