टच थोडा वेळ चालतो, मग गप्प

न्यूरेंबर्गला रविवारी दुकानं बंद, आणि भिंतीत ड्रिल लावलं तर शेजारी दारात हजर. त्यामुळे ठाण्याचे फोन सगळे त्याच दिवशी. हल्ली त्यातला बराच वेळ भाचा खातो. तो ऐरोलीत लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, लिहितो. मी इथे करते तेच काम.

"मावशी, बूट झाल्यावर टचस्क्रीन थोडा वेळ चालतो, मग गप्प. रीबूट केला की परत ठणठणीत."

"प्रॉक इंटरप्ट्समधला आकडा वाढतोय का?"

"नाही, अडकलाय." (चिपची हाक कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, किती वेळा पोचली त्याचा हा आकडा. अशी हाक म्हणजे इंटरप्ट.)

"आणि इंटरप्टची पिन?"

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला लॉजिक अ‍ॅनालायझर त्याने लावला; पिनवरचा व्होल्टेज वर आहे की खाली ते तो टिपतो. पिन खाली गेलेली, ती खालीच.

टचच्या चिपला काही सांगायचं असलं की ती या पिनची तार खाली ओढते आणि आतली माहिती वाचून होईपर्यंत सोडत नाही. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट जाळीचं दार नीट लागेपर्यंत 'कृपया दरवाजा बंद करें' घोकत राहते, तसंच. हा लेव्हल इंटरप्ट. भाच्याच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कसं जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) मात्र 2 होतं, म्हणजे फॉलिंग एज: तार वरून खाली येते तो क्षण तेवढा टिपायचा. पहिला स्पर्श वाचून होतोय तोवर दुसरा आला, तर तार वर जातच नाही. मग पुन्हा खाली येणार कुठून? चिप तार धरून बसलेली, कर्नल नव्या एजची वाट बघत बसलेलं. 2 चे 8 केले, म्हणजे लेव्हल लो, आणि टच सुरळीत झाला. (ड्रायव्हरने कोडमध्येच ट्रिगर ठरवून टाकला असेल तर डिव्हाइस ट्रीतला आकडा बाजूला पडतो, तेही आधी बघून घेतलं.)

तो 2 आला कुठून? आधीच्या बोर्डाच्या फाइलमधून, जसाच्या तसा. याला मी आळस म्हणणार नाही. इथे न्यूरेंबर्गला मला शंका आली, तर दोन टेबलं पलीकडे ज्याने बोर्ड काढलाय तोच बसलेला असतो. तो सर्किटचा कागद पसरतो, तार एरवी वर धरून ठेवणारा पुल-अप रेझिस्टर दाखवतो, आणि ऑसिलोस्कोपवर दिसल्याशिवाय स्वतःच्या कागदावरही विश्वास ठेवत नाही. ऐरोलीतल्या पोरांना पीडीएफ मिळते, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवसांनी ईमेलवर. तार वर असते की खाली, हे कोड वाचून कळत नाही.

मग वनशॉटचा, म्हणजे इंटरप्ट मागताना ड्रायव्हरने द्यायच्या एका खुणेचा, प्रश्न निघाला. टच आयटूसीवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या संथ जोडणीवर आहे, आणि आयटूसीवरून वाचताना थांबावं लागतं. इंटरप्ट हँडलरला, म्हणजे इंटरप्ट आला की लगेच धावणाऱ्या कोडला, थांबायची मुभा नसते. म्हणून वाचायचं काम थांबू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये. ही सोय थॉमस ग्लाइक्सनर यांनी 2009 साली कर्नलच्या 2.6.30 आवृत्तीत आणली. पण लेव्हल इंटरप्टमध्ये थ्रेडचं वाचून होईपर्यंत तार खालीच असते. तेवढा वेळ इंटरप्ट झाकून ठेवला नाही, तर तो पुन्हापुन्हा येत राहील आणि थ्रेडला संधीच मिळणार नाही. ते झाकणं म्हणजे वनशॉट. नुसता थ्रेड देऊन वनशॉट विसरलात, तर कर्नल सहसा इंटरप्टची विनंतीच फेटाळतं. कर्नलची ही कडक शिस्त मला आवडते.

भाच्याला आता वेगळीच धास्ती आहे: त्याच जुन्या फाइलमधून आलेल्या बाकीच्या ओळींचं काय? डेटाशीट गोळा करायला त्याने सुरुवात केलीय, एकेका चिपची.