विद्यापीठाचा आपत्ती आराखडा रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक हवा

25 नोव्हेंबर 2023 रोजी कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या खुल्या प्रेक्षागृहात महोत्सवातील संगीताचा कार्यक्रम सुरू होण्याच्या सुमारास पाऊस आला, बाहेर ताटकळलेली मुले आडोशासाठी प्रवेशद्वाराकडे धावली, आणि द्वाराच्या आत लगेच सुरू होणाऱ्या उतरत्या पायऱ्यांवर पुढची मुले पडून मागची त्यांच्यावर कोसळली. या चेंगराचेंगरीत चार जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी तिघे त्याच विद्यापीठात शिकत होते. आग, भूकंप किंवा हल्ला यांपैकी काहीही घडलेले नव्हते. संध्याकाळची एक सर आणि चुकीच्या जागी असलेला जिना एवढे पुरेसे ठरले.

आपल्याकडे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर बहुतेक विद्यापीठांनी समित्या नेमल्या आणि आराखडेही लिहून काढले. ते वाचताना मला नेहमी जाणवते की त्यांत कुलगुरूंपासून विभागप्रमुखांपर्यंत सर्वांच्या जबाबदाऱ्या नमूद असतात, पण रात्री दोन वाजता परिसरात प्रत्यक्ष हजर असणारा कंत्राटी पहारेकरी, पहाटे शेगडी पेटवणारे मेसचे कामगार आणि वसतिगृहातील विद्यार्थी प्रतिनिधी यांनी काय करायचे, याबद्दल चार ओळीही नसतात. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. अशा वेळी कुलसचिव कार्यालयाला कुलूप असते आणि वसतिगृहे मात्र भरलेली असतात.

काही वर्षे मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यामुळे हा प्रश्न मला कुलपाच्या रूपात आठवतो. मागच्या जिन्याच्या तळाशी जाळीचे सरकते दार असे आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव रात्री दहानंतर त्याला बाहेरून कुलूप लागे. किल्ली कार्यालयाच्या टेबलाच्या खणात, आणि कार्यालयही रात्री बंद. पालकांना ते कुलूप दिसले की हायसे वाटते आणि त्यांची काळजी मला पूर्णपणे समजते. परंतु पुढच्या जिन्यात धूर भरला तर तेच कुलूप शंभर मुलींचा मार्ग अडवते. यावर उपाय आहे: बाहेरून न उघडणारे, पण आतून आडवा दांडा ढकलताच उघडणारे आणि उघडताच घंटा वाजवणारे दार. त्याला खर्च येतो, पण वसतिगृहाच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटीच्या आधी त्याचा क्रमांक लागायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूचना कोणी द्यायची, हा दुसरा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 16 एप्रिल 2007 रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार झाला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला तो 9 वाजून 26 मिनिटांनी, आणि पुढच्या काही मिनिटांतच त्याच हल्लेखोराने वर्गांच्या इमारतीत गोळीबार सुरू केला. त्या दिवशी 32 जणांनी प्राण गमावले. नंतरच्या चौकशीत उघड झाले की विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून असा संदेश पाठवण्याची सोयच नव्हती. आधी वरिष्ठांच्या गटाने निर्णय घ्यावा लागे. आपल्या विद्यापीठांत मजकुराला मंजुरी मिळाल्याशिवाय साधे परिपत्रकही निघत नाही. म्हणून धोक्याच्या संदेशांचे मसुदे आधीच मंजूर करून ठेवावेत, आणि ड्युटीवरील सुरक्षा अधिकाऱ्याला ते कोणालाही न विचारता पाठवण्याचा लेखी अधिकार द्यावा. अग्निशमन दलाला किंवा 112 ला फोन करण्याआधी ‘साहेबांना विचारून सांगतो’ ही सवय मोडायची असेल, तर तसे करणाऱ्याला नंतर जाब विचारला जाणार नाही, हेही त्या आदेशात लिहिलेले असले पाहिजे.

रंगीत तालीम बहुतेक ठिकाणी होते, परंतु ती सकाळी अकराला, आधी कळवून आणि छायाचित्रकार बोलावून होते. शिट्टी वाजते, मुले हसत मैदानात जमतात, अहवाल तयार होतो. तिसऱ्या मजल्यावर वर्ग असलेल्या, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला अशा वेळी ‘तू खालीच थांब’ असे सांगून तालमीतून वगळलेले मी पाहिले आहे. आगीत लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे सर्वाधिक नियोजन त्याच्यासाठीच हवे. त्याला कोण दोघे उचलतील, त्यांपैकी एक गैरहजर असल्यास तिसरा कोण, जिन्यातील कोणत्या सुरक्षित टप्प्यावर थांबायचे, हे त्याच्याशी बोलून ठरवावे लागते, कारण स्वतःला कसे उचलावे हे त्याला इतरांपेक्षा चांगले माहीत असते.

महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. जुलै-ऑगस्टमध्येच वसतिगृहांत नवी मुले येतात, ज्यांना मागचा जिना कुठे आहे हेही ठाऊक नसते. त्याच आठवड्यांत एक तालीम रात्री, पाऊस असला तरी, पहारेकरी आणि मेसचे कामगार यांच्यासह घ्यावी. मैदानात प्रत्येक मजल्याची हजेरी व्हावी, आणि किती मिनिटे लागली, कोणते दार उघडले नाही, कोण मागे राहिले, हे लिहून ती नोंद सूचनाफलकावर लावावी. न उघडलेल्या दाराची दुरुस्ती कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार, तेही त्याच कागदावर असावे.