दीदी न आलेला दिवस

इंदूरच्या एका इंग्रजी शाळेत मी विशेष शिक्षिका म्हणून जाते. तिथे चौथीत डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा आहे. शेजारी खुर्ची टाकून एक दीदी, म्हणजे त्याची मदतनीस, दिवसभर त्याच्याजवळ बसते. पगार घरचे देतात. त्या दिवशी दीदी आली नाही आणि त्याला घरी पाठवायची तयारी सुरू झाली. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम १६ मध्ये असा आधार पुरवण्याचं काम शिक्षणसंस्थेकडे दिलं आहे. दीदी नाही म्हणून मूल घरी, हे मला मान्य नव्हतं. मी वर्गात मागे जाऊन बसले.

घंटा झाली. हिंदीची वही आत ठेवून गणिताची काढायची होती. तो मांडीवर हात ठेवून रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. त्याला हे काम येतं. ‘चलो, मैथ की कॉपी’ असं दीदी म्हणाली की वही लगेच बाकावर येते. ते वाक्य आलं नाही, म्हणून हातही हलला नाही. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगी वळली, तिनं त्याचं दप्तर उघडलं, वही काढली, पानसुद्धा उघडून दिलं. बाईंनी तिला शाबासकी दिली. पोरगी गुणी आहे, पण त्याचं काम हिरावून घेतल्याची ती शाबासकी होती.

मधल्या सुट्टीत त्याच मुलानं डबा काढला, उघडला, पोळीभाजी खाल्ली. केळ्याची साल हिरव्या कचरापेटीत आणि बिस्किटाचा कागद निळ्या पेटीत टाकून हात धुऊन आला. कुणी चकार शब्द काढला नव्हता.

हा फरक शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. डबा आम्ही शेवटाकडून शिकवला. आधी सगळं दीदीनं करायचं, त्यानं फक्त साल पेटीत टाकायची. ते जमलं की झाकण लावणंही त्याचं. असं एकेक पायरी मागे येत खटका उघडणं सगळ्यात शेवटी. यात काम पुरं करण्याचा आनंद रोज त्याच्याच वाट्याला येतो. मदत पाठीमागून आणि तोंड बंद ठेवून: आधी हातावर हात, मग मनगटाला आधार, मग नुसता कोपराला स्पर्श, शेवटी बोट दाखवणं. प्रत्येक वेळी मदतीआधी मनात दहा आकडे मोजायचे. बहुतेक मोठी माणसं दोनवरच हात घालतात.

वस्तूही बदलाव्या लागल्या. या मुलांचे स्नायू सैल असतात, बोटं आखूड. चारही बाजूंनी खटके असलेला डबा त्यांच्यासाठी कुलूपच. म्हणून एकाच रुंद खटक्याचा डबा आणला आणि दप्तराच्या चेनला किल्लीची कडी अडकवली. पायाखाली लाकडी पाट दिला, कारण पाय लोंबकळत असले की हाताला जोर येत नाही.

वही काढणं मात्र बोलून बोलून शिकवलं गेलं होतं. बोलून दिलेली सूचना काढून घेणं सर्वांत अवघड जातं. मूल घंटा ऐकत नाही, दप्तराकडे बघत नाही, पुढच्या वाक्याची वाट पाहतं. त्यातून डाउन सिंड्रोमच्या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त लक्षात राहतं, आणि आपण त्यांचा सगळा दिवस आवाजावर टांगून ठेवतो.

आता बाकावर चित्रांची पट्टी आहे, वेल्क्रोनं चिकटणारी. पीरियड संपला की ते चित्र काढून पाकिटात टाकायचं, पुढच्या चित्राला जो रंग त्याच रंगाची वही काढायची. लिहून झालेल्या पानांचा खालचा कोपरा कापतो. अंगठा सरकवला की थेट कोरं पान. घंटेनंतर दीदी बोलत नाही, फक्त पट्टीकडे बोट करते, तेही दहा मोजून. पुढच्या बाकावरच्या मुलीला सांगितलं आहे, त्यानं मागितली तरच मदत. ‘हेल्प’ म्हणून त्यानं स्वतः मदत मागितली, तर मी ते काम त्यानं स्वतः केलं असंच धरते.

डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच. दीदी मनापासून काम करते, पण तिचं काम चांगलं झालं की तिची नोकरी जाते. थोडं थोडं मागे सरकण्याचा पगार तिला कुणी देत नाही. वर्गशिक्षिका तर मुलाशी बोलतच नाहीत, दीदीला म्हणतात, ‘इससे लिखवा लीजिए.’

शाळेनं पुढच्या वर्षासाठी ‘पूर्णवेळ दीदी आवश्यक’ असं पत्र मागितलं. मी पीरियडवार लिहून दिलं. हिंदी, चित्रकला, मधली सुट्टी: दीदी वर्गाबाहेर. गणित: दोन बाक मागे. खेळ आणि जिना: जवळ. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे मणके सैल असतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी नाही. ऑफिसातून पत्र परत आलं, एका ओळीत हवं म्हणून. एका ओळीचं पत्र मी देणार नाही.