आकडा सांगा, धीर देऊ नका

११ मार्च २०११ च्या भूकंपात टोकियो कसं हललं, लोक किती तास चालत घरी गेले, हे बऱ्याच जणांनी लिहून झालंय. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल. जमीन अजून मधूनमधून हलतच होती, आणि टीव्हीवर त्सुनामीची जागा त्याच त्सुनामीने निकामी केलेल्या फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्राने घेतली होती.

आम्ही तेव्हा निशी-कासाईला राहायचो. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय कुटुंबं भरपूर. नवरा आयटीत, मुलगी अजून वर्षाचीही नव्हती, आणि सासूबाई तिच्यासाठी म्हणून आलेल्या. मी फिजिक्सची बीएस्सी आणि बातम्या समजण्याइतपत जपानी येणारी, त्यामुळे आसपासच्या सगळ्या बायकांचे "एनएचके काय म्हणतंय गं?" हे फोन माझ्याकडे (एनएचके म्हणजे इथली सार्वजनिक वाहिनी). काही न मागता मी प्रवक्ती झाले होते.

सरकारचे खरे प्रवक्ते होते युकिओ एदानो, मुख्य कॅबिनेट सचिव. निळं कामाचं जॅकेट घालून हा माणूस वेळी-अवेळी टीव्हीवर यायचा. इतका की ट्विटरवर लोक त्यांना "एदानो, आता झोपा" म्हणून विनवत होते. मलाही ते आवडायचे. पण त्यांचं ठरलेलं वाक्य, की तब्येतीवर तात्काळ परिणाम होईल इतकी ही पातळी नाही, मी सासूबाईंना मराठीत सांगितलं तेव्हा त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, "तात्काळ नाही ना? मग कधी, ते विचार की त्यांना."

लोकांनी विश्वास ठेवावा तरी कसा? पहिल्या रात्री केंद्रापासून ३ किलोमीटरच्या आतल्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे १० किलोमीटर. दुपारी पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला, आणि संध्याकाळी २० किलोमीटर. प्रत्येक वेळी सूर तोच, खबरदारी म्हणून. १४ तारखेला तिसऱ्या भट्टीच्या इमारतीत स्फोट. १५ ला चौथीच्या इमारतीत, आणि ती भट्टी तर भूकंपाच्या आधीपासून तपासणीसाठी बंद होती! त्याच दिवशी २० ते ३० किलोमीटरमधल्या लोकांना घरातच थांबा असं सांगितलं. पाठोपाठ अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटरच्या बाहेर जायला सांगितलं. म्हणजे एकाच नकाशावर जपानी माणसासाठी एक वर्तुळ आणि अमेरिकन माणसासाठी चौपट मोठं वर्तुळ. हे बघितल्यावर कोण कशाला प्रवक्त्यांचं ऐकेल?

टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी तर आगीत तेलच ओतलं. १५ तारखेला सकाळी टोकियोत शिंजुकूच्या मापन केंद्रावर किरणोत्सर्गाची पातळी तासाला सुमारे ०.८ मायक्रोसीव्हर्टपर्यंत (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) गेली, नेहमीच्या वीसेक पट. तज्ज्ञ म्हणाले, छातीच्या एका एक्स-रेमध्ये ५० मायक्रोसीव्हर्ट मिळतात, हे तर त्यापुढे काहीच नाही. अहो, पण ते ५० एका एक्स-रेचे, एकदाच. आणि हे ०.८ दर तासाला. वेगाची तुलना अंतराशी करून मोकळे! मी मुलीच्या लसीकरणाच्या कागदाच्या मागे गुणाकार केला. ही पातळी दिवसभर तशीच राहिली असती तर १९ मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे अडीच दिवसांत एक एक्स-रे. प्रत्यक्षात ती काही तासांतच खाली आली. गंमत अशी, की खरं गणित तज्ज्ञांच्या गुळगुळीत वाक्यापेक्षा जास्त धीर देणारं होतं. पण एवढा गुणाकार आपल्याला झेपणार नाही असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

अशी पोकळी झाली की ती भरायला लोक टपलेलेच असतात. बीबीसीच्या नावाने एक मेसेज आशियाभर फिरला. पाऊस आला तर घरात थांबा, गळ्याला बेटाडीन, म्हणजे आयोडीनचं औषध, लावा. बीबीसीने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, पण तोपर्यंत माझ्या चुलत जावेने तो मला तीनदा पाठवून झाला होता. जपानमध्ये याचा भाऊ निघाला, आयोडीन किरणोत्सर्गापासून वाचवतं या समजुतीने गुळण्या करायचं आयोडीन पिण्याचा सल्ला. १४ तारखेलाच इथल्या किरणोत्सर्गविषयक संशोधन संस्थेला पत्रक काढून सांगावं लागलं की ते पिऊ नका, उपयोग नाही आणि अपाय होईल. चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं आयोडीनचं मीठ संपवलं. मला या कोणाला हसावंसं वाटत नाही. अधिकृत माणूस नुसतं "काळजी नको" म्हणतो, तेव्हा "गळ्याला हे लावा" म्हणणारा निदान काहीतरी करायला तरी सांगतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जपानी आजी राहायच्या. शिस्तीच्या, कचऱ्याच्या पिशव्या चुकीच्या वारी ठेवल्या की चिठ्ठी लावणाऱ्या. सरकारवर त्यांचा विश्वास असेल असं मी धरून चालले होते. जिन्यात भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, ही कंपनी खोटं बोलते, हे आम्हाला आधीच माहीत आहे. त्या २००२ बद्दल बोलत होत्या. फुकुशिमाचं केंद्र चालवणारी तोक्यो डेनर्योकु, म्हणजे टेप्को, वर्षानुवर्षं अणुभट्ट्यांच्या तपासणीच्या नोंदींत फेरफार करत होती, हे तेव्हा उघडकीला आलं. अध्यक्षांसह वरच्या मंडळींनी राजीनामे दिले, आणि २००३ मध्ये कंपनीच्या सगळ्या १७ भट्ट्या तपासणीसाठी बंद ठेवाव्या लागल्या. म्हणजे अविश्वास त्सुनामीबरोबर आला नव्हता, तो आधीपासून घरात राहत होता.

मग आला २३ मार्च.

दुपारी टोकियो महानगर सरकारने जाहीर केलं की कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ सापडलं, किलोला २१० बेकेरेल (किरणोत्सर्गी पदार्थ मोजायचं एकक). मोठ्यांसाठी मर्यादा ३००, एक वर्षाखालच्या बाळांसाठी १००. २३ वॉर्डांत, आणि शेजारच्या काही शहरांत, बाळांचं दूध या पाण्यात कालवू नका. कारणही स्पष्ट होतं. २१ पासून टोकियोभोवतीच्या कांतो भागात पाऊस पडत होता, हवेतलं सगळं नदीत उतरलं होतं. एदोगावाला पाणी कानामाचीचंच.

फोन वाजायला लागला. उकळून चालेल का? नाही गं, आयोडीन उकळल्याने जात नाही, पाणी आटलं तर उलट दाट होईल. भांडी? आंघोळ? चालेल. आमच्यासाठी भात? चालेल. बोलता बोलता मी बाबागाडी घेऊन सुपरमार्केट गाठलं. पाण्याचं कपाट रिकामं. चहाच्या, ज्यूसच्या बाटल्या जागच्या जागी. कोपऱ्यात थोडं फ्रान्सचं मिनरल वॉटर उरलं होतं, तेही का उरलंय ते लेबल फिरवल्यावर कळलं. कठीण पाणी, क्षार लिटरला तीनशे मिलिग्रॅमच्या वर, बाळाच्या दुधाला नको असं. जपानी आयांनी ते आधीच वाचून परत ठेवलेलं. दुसऱ्या दुकानात हाताने लिहिलेला कागद होता, एका कुटुंबाला एकच बाटली. माझ्या पुढच्या बाईने दोन घेतल्या होत्या. कॅशियरच्या मुलीने कमरेत वाकून माफी मागितली आणि एक बाटली काढून घेतली. बाईनेही वाकून माफी मागितली. आवाज कोणाचाच चढला नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट जेवले. विचित्र वाटेल, पण खरं आहे. बारा दिवसांत पहिल्यांदाच मला कोणीतरी पूर्ण वाक्य सांगितलं होतं. कुठलं पाणी, कधीचा नमुना, किती, कोणासाठी, काय करायचं. शिवाय हेही, की दुसरं पाणी मिळालंच नाही तर बाळाला हे पाजायला हरकत नाही, तहानलेलं ठेवू नका. तो आकडा दाबता आला असता. दोन दिवसांची सरासरी काढून बोथट करता आला असता. दुसऱ्या दिवशी तो ७९ वर आला, निर्बंध उठवला. बाळं असलेल्या सुमारे ८० हजार घरांसाठी दर बाळामागे ५५० मिलीलीटरच्या तीन बाटल्या वाटल्या. आम्हालाही मिळाल्या, रांगेत ओळखपत्र आणि बाळ, दोन्ही दाखवून. त्याच दिवशी गव्हर्नर इशिहारांनी कॅमेऱ्यासमोर कानामाचीचं पाणी पिऊन दाखवलं. मर्यादा एक वर्षाखालच्या बाळांची, पिणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे!

ज्यांना पूर्ण वाक्य मिळायला हवं होतं, त्यांना मात्र ते मिळालं नाही. किरणोत्सर्ग कुठल्या दिशेने पसरेल याचा अंदाज बांधणारी 'स्पीडी' नावाची संगणक यंत्रणा जपानकडे होती, अशाच प्रसंगासाठी करोडो येन खर्चून उभारलेली. तिचा पहिला नकाशा लोकांसमोर आला तो त्याच २३ मार्चला. १४ तारखेला तिचे अंदाज अमेरिकी लष्कराला देऊन झाले होते! नामिए गावचे हजारो लोक समुद्रापासून दूर म्हणून त्सुशिमा या डोंगराळ भागात जाऊन थांबले होते. वाऱ्याने किरणोत्सर्गाचा लोट नेमका त्याच वायव्य दिशेला नेला. त्यांना कोणीच काही सांगितलं नाही. आणखी पुढे इताते गाव, बरंचसं ३० किलोमीटरच्याही बाहेर, वर्तुळात न बसणारं. तिथल्या लोकांना गाव सोडण्याचा आदेश निघाला तो २२ एप्रिलला. भट्टीतून किती बाहेर पडतंय हे माहीत नसल्याने नकाशा भरवशाचा नव्हता, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. असेल. पण वारा कुठे वाहतोय एवढं तरी सांगता आलं असतं. वर्तुळ कंपासने काढतात, वारा कंपास वापरत नाही.

भट्ट्यांमधलं इंधन वितळलंय हे टेप्कोने मे महिन्यात मान्य केलं. तो शब्द वापरू नका असं अध्यक्षांनीच बजावलं होतं, हे बाहेर यायला २०१६ उजाडलं.

आमच्या घरात भांडण पेटवलं ते मात्र दुसऱ्याच कागदाने. २०१२ च्या सुरुवातीला कळलं की अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख शुनसुके कोंदो यांनी पंतप्रधान नाओतो कान यांच्या सांगण्यावरून सर्वांत वाईट काय होऊ शकतं याचा आराखडा केला होता. तारीख २५ मार्च २०११. सगळंच हाताबाहेर गेलं तर १७० किलोमीटरपर्यंत सक्तीने हलवावं लागेल, आणि २५० किलोमीटरपर्यंत ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्यावं लागेल. आमचं घर तिथून साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर. मी बाटल्यांचा हिशोब करत होते त्याच आठवड्यात कोणीतरी आम्हाला त्या वर्तुळात धरून हिशोब करत होतं. तो कागद थोड्याच लोकांना दाखवला आणि ठेवून दिला.

मी चिडले. नवरा चिडला नाही. "बरोबर केलं त्यांनी," तो म्हणाला. "साडेतीन कोटी माणसं एका दिवशी स्टेशनवर आली असती तर? किरणोत्सर्गापेक्षा चेंगराचेंगरीत जास्त मेले असते." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मला नाकारता येत नाही. केंद्राजवळच्या ओकुमाच्या एका हॉस्पिटलमधले म्हातारे रुग्ण घाईघाईत हलवताना, बसमध्ये तासन्तास राहून, दगावले. फुकुशिमात घर सोडण्याच्या हालांनी गेलेल्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे आहे. भीतीने माणसं मरतात. पण मी त्याला कॅशियरच्या मुलीची गोष्ट सांगते. बाळांचं पाणी दूषित आहे असं सांगितल्यावर या शहराने काय केलं? रांग लावली. "ते पाणी होतं, हा कागद पळा म्हणतो," तो म्हणतो. सासूबाई फोनवरून त्याच्याच बाजूने, पण वेगळ्या कारणाने. त्यांच्या मते सांगितलं असतं तर मी नातीला घेऊन निघाले असते, आणि त्यांना आपल्या लेकाला इथे एकट्याला सोडावं लागलं असतं.

१ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला, ७.६ तीव्रतेचा. तिथे शिका अणुवीजकेंद्र आहे. २०११ पासून बंद असलेलं, तरी इंधन आतच. मी टीव्ही सोडून आधी किरणोत्सर्ग मापन केंद्रांचे आकडे उघडले. वाढ कुठेच नव्हती. पण द्वीपकल्पाच्या उत्तरेकडच्या १८ केंद्रांचे आकडे येणंच थांबलं होतं. आणि रस्ते तर खचलेले, म्हणजे पळा म्हटलं असतं तरी पळणार कुठून? तिथल्या वीज कंपनीने आधी समुद्राच्या पातळीत फारसा बदल नाही म्हटलं, मग सुमारे ३ मीटरचा बदल झाल्याचं सांगितलं. ट्रान्सफॉर्मरमधून सांडलेलं तेल आधी साडेतीन हजार लिटर होतं, ते नंतर वीस हजाराच्या घरात गेलं. मोजमाप सुधारतं, आकडे बदलतात, त्याचा मला राग नाही. पहिल्याच दिवशी मोजायच्या आधी सगळं ठीक असल्याचं सांगायची ही जी घाई असते ना, तिचा आहे. नवऱ्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "मग काय सांगायचं त्यांनी, माहीत नाही?"

हो. तेच.