एलएस पण चालेना, आणि उघडी राहिलेली एक विंडो

जानेवारीत एका रात्री साडेअकराला एका साखर कारखान्याच्या सर्व्हरवर मी एलएस ही फाइल्सची यादी दाखवणारी साधी लिनक्स कमांड टाइप केली आणि ती चाललीच नाही. मग सीपी, एमव्ही, कॅट अशा रोजच्या कमांड, सगळं करून बघितलं, प्रत्येक वेळी तेच, रिलोकेशन एरर, म्हणजे प्रोग्राम सुरूच होत नाही. पोटात गोळा आला राव.

झालं असं, की कारखान्याला ऊस तोलायच्या काट्यासाठी छोटा डॅशबोर्ड हवा होता, किती गाड्या खाली झाल्या, किती टन ऊस आला, बास एवढंच. मी तो नोड १८ वर (नोड म्हणजे जावास्क्रिप्टचा कोड चालवणारा प्रोग्राम) लिहिला, लॅपटॉपवर झकास चालत होता. सर्व्हर बघितला तर त्यावर सेंटओएस ७ नावाचं लिनक्स. २०१४ ची सिस्टीम, ३० जून २०२४ ला सपोर्ट बंद, त्यानंतर पॅकेज कुठून आणायचे ती यादी, मिररलिस्ट, पण गेली त्यामुळे यम ही सॉफ्टवेअर टाकायची कमांड चालवायची तर आधी व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या पॅकेजच्या साठ्याचा, पत्ता घालत बसायचं. म्हटलं साहेब, आधी हे अपग्रेड करूया. तर साहेब म्हणाले, "अहो गाळप चालू आहे, गेटवर ट्रॅक्टरांची रांग बघा जरा. पट्टा पडल्यावर, हंगाम संपल्यावर काय करायचं ते करा, आत्ता काट्याला हात नाही लावायचा." काट्याचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर, त्यामुळे त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी नोड १८ कॉपी केला, चालवला, आणि समोर ती प्रसिद्ध एरर. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२७ सापडत नाही, २.२८ सापडत नाही, वर सी प्लस प्लसच्या लायब्ररीची पण तक्रार.

हे का होतं ते मला बरीच वर्षं अर्धवटच कळलेलं. लिनक्सवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम फाइल उघडायला, मेमरी मागायला जीलिबसीकडे जातो, आणि तिच्या प्रत्येक फंक्शनवर व्हर्जनचा शिक्का असतो. जुना प्रोग्राम नवीन जीलिबसीवर चालतो, कारण जुने शिक्के ते लोक जपून ठेवतात. उलटं मात्र नाही. प्रोग्राम ज्या मशीनवर बिल्ड झाला तिथले शिक्के त्याला चिकटतात, मग तुमच्या कोडला त्या नव्या फंक्शनची गरज असो नसो. एफसीएनटीएल हे फंक्शन तर कित्येक दशकं जुनं, पण २.२८ मध्ये त्याचा ६४ बिटचा अवतार आला आणि तिथे बिल्ड केलं की प्रोग्राम गुपचूप तोच मागायला लागतो. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७. उबुंटू १८.०४ या दुसऱ्या लिनक्समध्ये २.२७, म्हणजे नोड १८ तिथे फक्त एका आकड्याने अडतो, ते बघून तर जास्तच चिडचिड होते. नोड १६ २.१७ वर आरामात चालायचा पण त्याचा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला.

आता माझा शहाणपणा ऐका. मला वाटलं एक फाइलच तर कमी आहे ना, मग आणून ठेवू. सेंटओएस ८ च्या पॅकेजमधून २.२८ ची फाइल काढली आणि लिबसी डॉट एसओ डॉट ६ (प्रोग्राम जीलिबसी याच नावाने शोधतात) ही लिंक रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, तिच्याकडे वळवली. एंटर दाबला आणि संपलं. लिबसी आणि लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याला लायब्ररी जोडून देणारा, ही जोडी असते, एकाच व्हर्जनची लागते, मी नवरा बदलला आणि नवरी जुनीच ठेवली. लिंक परत फिरवायला एलएन ही कमांड लागते, आणि एलएनला लागते लिबसी. नवीन एसएसएच, म्हणजे सर्व्हरला लांबून जोडणी, पण लागेना. हातात फक्त ती एक उघडी विंडो, ती चुकून बंद केली असती तर सकाळी मी नाही, माझा राजीनामा कारखान्यात गेला असता.

गंमत म्हणजे काटा चालू होता. जे प्रोसेस आधीच सुरू होते त्यांच्या मेमरीत जुनी लिबसी बसलेली होती, त्यांना बाहेर काय जळतंय याचा पत्ताच नाही. ट्रॅक्टर वजन करून पुढे जात होते आणि मी घरी पंख्याखाली घामाघूम.

शेवटी एका जुन्या सिनियरला फोन लावला. झोपेतच होता. म्हणाला, "एसबिन फोल्डरमध्ये एसएलएन असेल बघ, घाबरू नको, आणि ती विंडो बंद करू नको रे बाबा." एसएलएन म्हणजे स्टॅटिक एलएन, त्याला कुठलीच लायब्ररी लागत नाही, जीलिबसीवाल्यांनी माझ्यासारख्यांसाठीच सोबत दिलेला. एक ओळ टाइप केली, एलएस केलं, फाइल्स दिसल्या. एवढ्या सुंदर फाइल्स आयुष्यात बघितल्या नव्हत्या.

खरा उपाय दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत झाला. नोडच्याच अनऑफिशियल बिल्ड्सच्या साइटवर जीलिबसी २.१७ साठी केलेला नोड १८ मिळतो, तो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला, सिस्टीमला हात लावला नाही, चालला. नावातच अनऑफिशियल आहे, त्यामुळे इंटरनेटला उघड्या असलेल्या सर्व्हरवर मी तो ठेवणार नाही, इथे सगळं कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून ठीक. कंटेनर, म्हणजे प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट बांधलेला डबा, जास्त स्वच्छ पडला असता, तो स्वतःची जीलिबसी घेऊनच येतो आणि बाहेरचा फक्त कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वापरतो, पण कंटेनर चालवणारं डॉकर टाकायला साहेबांची परवानगी मागायची म्हणजे परत काट्याचा विषय. पॅचएल्फ या टूलने लोडरचा पत्ता बदलून पण जमतं म्हणतात, पण त्या रात्रीनंतर लोडर हा शब्द काही दिवस नकोसाच झालेला.

आणि हे फक्त आपल्यासारख्या छोट्या लोकांचं नाही बरं का. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोड या कोड एडिटरच्या १.८६ व्हर्जनने रिमोट सर्व्हरवर जीलिबसी २.२८ सक्तीचं केलं, एवढी बोंब झाली की काही दिवसांतच १.८६.१ काढून जुन्या सिस्टीमना आणखी वर्षभर मुदत द्यावी लागली.

डॅशबोर्ड चालू आहे. नवीन सर्व्हरचं कोटेशन पाठवलंय, साहेब म्हणाले पट्टा पडू दे.